ब्रिटिश शालेय छात्रसेनेची चिन्हे

ब्रिटनमधील शाळांत चालणाऱ्या 'कंबाइन्ड कॅडेट फोर्स' (सीसीएफ) या संघटनेचे टोपीवरील बिल्ले, पदचिन्हे व प्रावीण्यपदके. छात्रसैनिक कायद्याने नागरिकच असतो, सैनिक नव्हे. त्यामुळे ही चिन्हे फौजेकडून उसनी घेतलेली, पण फौजेपासून वेगळी दिसतील अशी बेतलेली आहेत.

शालेय पथके 1859-60 च्या सुमारास, फ्रेंच आक्रमणाच्या धास्तीतून निघाली. लँकाशरमधील रोसॉल शाळा 1860 च्या पथकाच्या जोरावर पहिलेपणाचा मान सांगते. ईटन, हॅरो, रग्बी यांची पथकेही त्याच लाटेतली. 1908 मध्ये युद्धमंत्री हॉल्डेन यांनी ती ऑफिसर्स ट्रेनिंग कोअरच्या कनिष्ठ विभागात आणली. त्या काळी अनेक पथकांच्या टोपीवर शाळेचेच कुलचिन्ह झळके. बिल्ला पाहून रेजिमेंट नव्हे, शाळा ओळखायची, असा तो मामला होता.

1948 मध्ये भूदल, नौदल व हवाई दलाशी जोडलेली शालेय पथके एकत्र करून सीसीएफ उभी राहिली. तिच्या बिल्ल्यावर भूदलाच्या फुलीदार तलवारी, नौदलाचा नांगर व हवाई दलाचा गरुड एकत्र येतात. वर राजमुकुट आणि खाली नाव कोरलेली फीत. नांगराला दोर गुरफटलेला असतो. खरे तर असा नांगर ही खलाशाची फजितीच. पण सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून नौदलाच्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या मुद्रेवर तो विराजमान आहे, आणि परंपरेपुढे ब्रिटिश माणूस तर्क चालवत नाही. हा सामाईक बिल्ला सर्वत्र दिसेलच असे नाही. काही शाळा संलग्न रेजिमेंटचा बिल्ला लावतात, तर काहींनी स्वतःचा जपला आहे.

भूदल विभागात दंडावरील किंवा छातीवरील फिती इंग्रजी 'व्ही'सारख्या, टोक खाली असलेल्या: लान्स कॉर्पोरलला एक, कॉर्पोरलला दोन, सार्जंटला तीन. खऱ्या सार्जंटशी गल्लत होऊ नये म्हणून खाली 'कॅडेट' किंवा 'सीसीएफ' अशी अक्षरे असतात. पदचिन्हांतला सगळा फरक खरे तर या इवल्याशा अक्षरांत आहे. नौदल विभागात फितींऐवजी नांगर पद सांगतो. अचूक नेमबाजाला फुलीदार बंदुकांचा बिल्ला मिळतो; प्रशिक्षणाच्या पायऱ्या भूदल विभागात ताऱ्यांनी मोजतात.

मुकुटाचा आकार राज्यकर्त्यानुसार बदलू शकतो. 1948 मध्ये सहावे जॉर्ज गादीवर होते, म्हणून तेव्हाचा मुकुट गोलसर कमानींचा, ट्यूडर घाटाचा. दुसऱ्या एलिझाबेथ यांनी मधे खोलगट असलेला सेंट एडवर्ड मुकुट निवडला. 2022 नंतर तिसरे चार्ल्स पुन्हा ट्यूडर मुकुटाकडे वळले, त्यामुळे जुने साठे संपेपर्यंत एकाच शाळेत दोन्ही घाटांचे मुकुट दिसणे साहजिक आहे.

भारतातील राष्ट्रीय छात्रसेनाही (एनसीसी) 1948 चीच. ब्रिटनच्या तिन्ही दलांच्या संयुक्त ध्वजावर गडद निळा, लाल, फिकट निळा असा क्रम असतो, कारण तिथे नौदल ज्येष्ठ. एनसीसीच्या 1954 च्या ध्वजावर लाल रंग, म्हणजे भूदल, आधी येतो. मुकुटाला या ध्वजावर जागाच नव्हती. त्याऐवजी एनसीसीच्या चिन्हाभोवती सतरा कमळे आली, प्रत्येक संचालनालयासाठी एक. त्यांतले एक महाराष्ट्राचे.