जलचिन्ह, अंकीय नकाशांतील

अंकीय नकाशाच्या आधारसामग्रीत स्वामित्वहक्काचा पुरावा म्हणून गुंफलेली अदृश्य खूण. कागदातील जलचिन्हाची प्रथा इटलीतील फाब्रियानो येथे तेराव्या शतकात सुरू झाली; ‘अंकीय जलचिन्ह’ ही संज्ञा १९९२–९३ च्या सुमारास पुढे आली. छापील नकाशांतही नक्कल ओळखण्यासाठी नदी-रस्त्यांच्या वळणांत सूक्ष्म फरक ठेवीत. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या संस्थेने अशा खुणांच्या आधारे ऑटोमोबाइल असोसिएशनविरुद्ध दावा मांडला आणि २००१ मध्ये २ कोटी पौंडांवर तडजोड झाली. भारतात १९५७ च्या अधिनियमानुसार नकाशा ही कलाकृती असून शासकीय नकाशाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो.

रेषारूप नकाशात जलचिन्ह घालताना बिंदूंचे सहनिर्देशक ग्राह्य त्रुटीच्या मर्यादेत किंचित हलवितात. १ : ५०,००० प्रमाणावर अर्धा मिमी. म्हणजे जमिनीवर २५ मी. होत. मालवणसारख्या किनाऱ्यावर एवढी सूटही महाग पडते. २०१९ च्या किनारा विनियमन अधिसूचनेत ग्रामीण भागातील दाट वस्तीसाठी भरतीरेषेपासून ५० मी., तर विरळ वस्तीसाठी २०० मी. पट्टा ना-विकास क्षेत्र ठरविला आहे. भरतीरेषा १० मी. आत सरकली, तर मच्छीमाराचे घर या पट्ट्यात जाऊ शकते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या बुडत्या खडकांची स्थाने तर मुळीच हलविता येत नाहीत.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय जलालेखन संघटनेच्या एस-६३ मानकात अंकीय सागरी नकाशांचे रक्षण सांकेतिकीकरण व अंकीय स्वाक्षरी यांनी केले जाते. सहनिर्देशक अबाधित राहतात. मात्र सांकेतिकीकरण उलगडल्यानंतर नक्कल कोणाच्या प्रतीवरून झाली, हे त्यातून कळत नाही. जलचिन्हाची उपयुक्तता तेथेच आहे.