रुग्णांनीं घडविलेलें इन्सुलिन-यंत्र

१९२१ सालीं कॅनडांतील टोरांटो येथें फ्रेडरिक बँटिंग व चार्लस् बेस्ट यांनीं इन्सुलिनाचा शोध लाविला आणि पुढील वर्षाच्या जानेवारींत लेनर्ड टॉमसन नांवाच्या १४ वर्षांच्या मुलाला तें टोंचण्यांत आलें, ही कथा सर्वश्रुत आहे. तेव्हांपासून बालवयांत जडणारा मधुमेह हा मरणाचा हुकूम राहिला नाहीं. परंतु औषध हातीं आलें म्हणून रोगी मोकळा झाला, असें मात्र घडलें नाहीं. निरोगी माणसाचें स्वादुपिंड रक्तांतील साखर पाहून क्षणोक्षणीं इन्सुलिन कमीजास्त सोडतें. ज्याचें स्वादुपिंड हें काम करीत नाहीं, त्याला तो हिशेब स्वतःच्या डोक्यानें करावा लागतो. किती जेवलों, किती चाललों, अंगांत ताप आहे कीं काय, रात्रीं साखर कोठवर उतरेल! मात्रा वारंवार कमी पडली तर कांहीं वर्षांनीं डोळे व मूत्रपिंडें नासतात. जास्त झाली तर घटकाभरांत शुद्ध हरपते, आणि तें झोपेंत घडलें तर प्राणावर बेततें. या हिशेबाला सुटीचा दिवस नाहीं.

रोग्यानें आपल्या उपचाराचीं साधनें आपणच मिळवावीं, हा प्रकार आजकालचा नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत शांघाय शहर जपानी अंमलाखालीं असतां, तेथें आश्रयास आलेल्या एव्हा सॅक्सल या चेक तरुणीला इन्सुलिन मिळेनासें झालें. तेव्हां तिनें व तिचा पति व्हिक्टर यानें एका वैद्यकीय ग्रंथाच्या आधारानें म्हशींच्या स्वादुपिंडांपासून इन्सुलिन तयार केलें, सशांवर त्याची परीक्षा घेतली, आणि मग एव्हानें तें स्वतःस टोंचून घेतलें. तेथील इतर रोग्यांचे प्राणहि पुढें त्यावरच तगले.

रिचर्ड बर्नस्टीन या अमेरिकन इंजिनियराची हकीगत वेगळी, पण मासला तोच. त्याला वयाच्या बाराव्या वर्षापासून मधुमेह. १९६९ सालीं रक्ताच्या थेंबावरून साखर सांगणाऱ्या एका यंत्राची जाहिरात त्याच्या पाहण्यांत आली. यंत्राचें वजन सुमारें ३ पौंड, किंमत ६५० डॉलर, आणि तें विकावयाचें केवळ डॉक्टरांना व रुग्णालयांना! रोग ज्याच्या अंगांत त्यालाच आंकडा कळूं द्यावयाचा नाहीं, हा न्याय विचित्रच म्हटला पाहिजे. बर्नस्टीनची पत्नी डॉक्टर होती; तिच्या नांवावर त्यानें यंत्र मागविलें, दिवसांतून अनेक वेळां रक्त तपासून मात्रा बेतली आणि त्याची प्रकृति सुधारली. ही हकीगत त्यानें वैद्यकीय नियतकालिकांस लिहून पाठविली, ती छापली गेली नाहीं. तेव्हां पंचेचाळिशीच्या सुमारास त्यानें वैद्यकीय महाविद्यालयांत नांव घातलें व १९८३ सालीं तो डॉक्टर होऊन बाहेर पडला.

पुढें इन्सुलिन थेंबाथेंबानें सोडणारे पंप आले, आणि या शतकाच्या पहिल्या दशकांत कातडीखालीं बारीक तार ठेवून दर ५ मिनिटांनीं साखरेचा आंकडा देणारे सेन्सरहि रोग्यांच्या हातीं आले. म्हणजे पाहणारा डोळा होता, देणारा हात होता. दोहोंना जोडणारा मेंदू तेवढा नव्हता. तें काम रोग्यानें, किंवा त्याच्या आईबापांनीं, मध्यरात्रीं उठून करावयाचें. जोडयंत्रांच्या चाचण्या चालल्या होत्या. पण चाचणी चालली आहे एवढ्यावर घरच्या मुलाची रात्र निभत नाहीं.

न्यूयॉर्क राज्यांतील जॉन कॉस्टिक या संगणक-इंजिनियराचा मुलगा चार वर्षांचा असतांनाच या रोगानें गांठला. मुलगा शाळेंत आणि आपण कचेरींत असतां त्याची साखर दिसावी, म्हणून २०१३ सालीं त्यानें सेन्सरचे आंकडे बाहेर काढून इंटरनेटवर चढविले. त्याचेंच पुढें ‘नाइटस्काउट’ झालें. त्याच वर्षीं सिएटल येथील डेना लुइस या तरुणीची अडचण निराळी होती: सेन्सरच्या गजरानें तिची झोपच मोडत नसे. कॉस्टिकची युक्ति मिळतांच तिनें व स्कॉट लाइब्रंड यानें मोठा गजर केला, मग साखर पुढें कोठें जाईल याचा अंदाज सांगणारा आज्ञाक्रम रचला, आणि २०१४च्या डिसेंबरांत तो पंपालाच जोडून दिला. २०१५ सालीं ‘ओपनएपीएस’ या नांवानें ही रचना सर्वांना खुली झाली. ‘आम्ही थांबणार नाहीं’ हें या मंडळींचें घोषवाक्य २०१३च्या नोव्हेंबरांत स्टॅनफर्ड येथील एका बैठकींतून निघालें होतें.

पंपाला बाहेरून आज्ञा देतां येणें, हीच खरी मेख होती. मेडट्रॉनिक कंपनीच्या कांहीं जुन्या पंपांत ती सोय नकळत राहून गेली होती. बेन वेस्ट यानें वर्षांनुवर्षें खपून त्यांची भाषा उलगडली. जो दोष तोच गुण ठरला, आणि लोक जुने, वापरलेले पंप शोधीत हिंडूं लागले! २०१९ सालीं सुरक्षिततेच्या कारणास्तव ते पंप परत मागविण्यांत आले.

रचना मात्र सावधपणाची आहे. दर ५ मिनिटांनीं आंकडा पाहून यंत्र इन्सुलिनाचा वेग थोड्या वेळापुरता वाढवितें किंवा घटवितें. संगणक बंद पडला कीं ती मुदत संपतांच पंप ठरलेल्या वेगावर परत येतो. तयार यंत्र कोणी कोणास देत नाहीं. आज्ञाक्रम व सूचना सर्वांना खुल्या, जोडणी मात्र ज्याची त्यानें करावयाची. २०१९ सालीं अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें अशा विनापरवाना जोडणीविरुद्ध इशारा दिला. एका रोग्यास इन्सुलिन जास्त गेल्याचें निमित्त त्यामागें होतें, तेव्हां तो इशारा अगदींच निराधार म्हणतां येणार नाहीं. तत्पूर्वीं, २०१६ सालींच, कंपनीच्या पहिल्या जोडयंत्रास परवानगी मिळाली होती. तरीहि साखरेची पातळी आपल्या मनाप्रमाणें ठरवितां यावी व दूरवरून मुलावर नजर ठेवितां यावी, यासाठीं अनेकांनीं घरचें यंत्र सोडलें नाहीं.

२०२२ सालीं न्यूझीलंडमधील चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. ७ ते ७० वर्षांच्या ९७ रोग्यांवर ती २४ आठवडे चालली होती. खुल्या आज्ञाक्रमाचें यंत्र वापरणारांची साखर पूर्वीं दिवसाच्या सुमारें ६१ टक्के वेळ योग्य मर्यादेंत असे, ती ७१ टक्क्यांवर गेली. दुसऱ्या गटाची सुमारें ५८ वरून ५४.५ टक्क्यांवर उतरली. पुढच्याच जानेवारींत, घरगुती आज्ञाक्रमांपैकीं ‘लूप’ नांवाच्या एकावरून टाइडपूल या संस्थेनें तयार केलेल्या रचनेस त्याच औषध-नियंत्रण खात्यानें मान्यता दिली.