‘मेटास्टॅसिस’ : एका संज्ञेचे अर्थांतर

संज्ञेची व्युत्पत्ती उलगडली म्हणजे तिचा अर्थ हाती आला, असे आपण पुष्कळदा गृहीत धरतो. कर्करोगाच्या प्रसाराचा निर्देश करणारी ‘मेटास्टॅसिस’ ही संज्ञा या गृहीताची मर्यादा दाखविते.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ स्थानांतर असा आहे. त्यातील ‘स्टॅसिस’ आणि संस्कृतातील ‘स्था’ धातू सजातीय होत. इ. स. पहिल्या शतकात क्विंटिलियनने हा शब्द वक्तृत्वशास्त्रात, वर्णनातील कालपालटासाठी योजला. युरोपातील जुन्या वैद्यकात मात्र रोगद्रव्य एक अवयव सोडून दुसऱ्यात उतरते, या कल्पनेसाठी तो रूढ होता. रोगाने पहिले ठिकाण सोडणे त्यात अभिप्रेत असे.

१८२९ मध्ये फ्रेंच वैद्य रेकामिए यांनी कर्करोगावरील आपल्या ग्रंथात हा शब्द दूरच्या अवयवांतील दुय्यम गाठींच्या संदर्भात वापरला. पुढे पेशीविज्ञानाने या प्रक्रियेचा उलगडा केला : मूळ गाठ जागीच राहू शकते, तिच्यातील पेशी रक्तातून वा लसीकेतून जाऊन अन्यत्र रुजतात. १८८९ मध्ये स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने झालेल्या ७३५ मृत्यूंच्या नोंदी तपासून, हे रुजणे यादृच्छिक नसते, असे ‘बीज आणि भूमी’ या रूपकाने मांडले. स्थानांतराची जागा अशा रीतीने पुनरुत्पत्तीने घेतली. शब्द मात्र तोच राहिला.

म्हणूनच ‘स्थानांतर’ हा व्युत्पत्तीशी सर्वाधिक प्रामाणिक असलेला मराठी प्रतिशब्द आशयाशी सर्वांत कमी प्रामाणिक ठरतो. बोलण्यातील ‘कॅन्सर पसरला’ हा प्रयोग मूळ गाठीचे अस्तित्व सूचित करतो. परंतु तेल पसरावे तशी सलगता सुचवून तो मधली झेप झाकतो. हा केवळ शब्दच्छल नव्हे. स्तनाचा कर्करोग हाडात रुजला तरी तो स्तनाचाच कर्करोग राहतो व त्यावरील उपचारही त्यानुसार ठरतात. त्याला ‘हाडांचा कॅन्सर’ म्हटल्यास रुग्णाची आपल्या आजाराविषयीची समजूतच चुकीच्या पायावर उभी राहते.

सुझन सोंटॅग यांनी १९७८ मध्ये कर्करोगाभोवतालच्या युद्धरूपकांची चिकित्सा केली. त्या चिकित्सेला एक पुस्ती जोडावीशी वाटते : रूपके रोगाभोवतीच्या भाषेत असतात, तशीच ती रोगाच्या शास्त्रीय नावातही गोठलेली असतात. अनुवादकाने प्रतिशब्द निवडावा तो शब्दाच्या धातूवरून नव्हे, त्याच्या इतिहासावरून.