नोकरी सांभाळून कॅमेरा: लाला दीनदयाळ

रोहण्यातून बोलतोय. आठवडाभर आर्वीत एका ठेकेदाराकडे घरांचे नकाशे काढतो आणि रविवारी एजंटांसाठी विकाऊ घरांचे फोटो. घरचे धास्तीनं विचारतात, नोकरी सोडतोस की काय? तेव्हा मला लाला दीनदयाळ आठवतात. रुडकीला शिकलेले दीनदयाळ इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे अन् अंदाजपत्रकं करायचे. १८७४ मध्ये फोटोग्राफी सुरू केली, पण नोकरी लगेच नाही सोडली बरं का! १८८२ मध्ये लेपेल ग्रिफिनसोबत बुंदेलखंडातल्या जुन्या वास्तूंचे फोटो काढले. पुढं निजामाचे छायाचित्रकार झाले. १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ थाटला. भिंत कुठून सरळ दिसते, हे नकाशे काढणाऱ्याला वेगळं शिकवावं लागत नसावं. माझी नोकरी? यंदा तरी नाही सोडत.