आपत्तीतलं मूल घरी आणताना

आजचा विषय मी निवडलेला नाही, तो शेजारच्या घरातून आला. बरीच वर्षं मी तो बाजूला ठेवला होता. मागच्या भागात आपण दुष्काळातल्या अन्नछत्रांबद्दल बोललो, तेव्हा दोन-तीन जणांनी विचारलं की त्या दुष्काळात मागे राहिलेल्या मुलांचं पुढे काय झालं. म्हणून आज.

२५ एप्रिल २०१५, शनिवार. पावणेबाराची वेळ. लखनौमध्ये गोमती नगरात आमच्या घरी बंद पंखा झोके घ्यायला लागला. आधी मला वाटलं चक्कर आली. मग खालून ओरडा ऐकू आला आणि आम्ही सगळे जिन्याने रस्त्यावर. अख्खी गल्ली बाहेर उभी होती, कोणी अनवाणी, कोणी हातात लाटणं घेऊन. भूकंप नेपाळात झाला होता, तीव्रता ७.८. लखनौ तिथून लांब असलं तरी आपल्या गंगेच्या मैदानाची माती मऊ, धक्का लांबवर पोचवते. संध्याकाळपर्यंत टीव्हीवर काठमांडू दिसायला लागलं. धरहरा मनोरा कोसळलेला, आणि ढिगाऱ्याशेजारी बसलेली मुलं.

शेजारच्या वहिनी मूळच्या झाशीकडच्या मराठी. चार पिढ्या उत्तरेत, त्यामुळे बोलण्यात निम्मी हिंदी. लग्नाला बारा वर्षं झालेली, मूल नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "भाऊजी, सोनौली काय लांब आहे? सकाळी निघालो तर दुपारपर्यंत पोचू. सीमेवर कोणी व्हिसा विचारत नाही. एक लेकरू घेऊन येऊ. त्याला कोणी नाही, आम्हाला कोणी नाही."

मी इतिहासाचा माणूस, मला वाटलं मला उत्तर येतं. मी म्हणालो, "वहिनी, असं नाही चालत." त्या म्हणाल्या, "का नाही चालत?" आणि माझ्याकडे कायद्याचं कलम सोडून काही नव्हतं. तेव्हा जे सांगता आलं नाही, ते आज सांगायचा प्रयत्न करतो.

आधी एक गोष्ट. आपल्याकडे दत्तक हा शब्द जुना आहे, पण त्याचा अर्थ आजचा नव्हता. वहिनींच्याच झाशीत १८५३ च्या नोव्हेंबरमध्ये गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी नात्यातलं एक मूल दत्तक घेतलं, त्याचं नाव दामोदर ठेवलं. आमच्या लखनौपासून जवळच कानपूरपलीकडे बिठूर आहे. तिथे दुसऱ्या बाजीरावाने नानासाहेबाला दत्तक घेतलं होतं. दोन्ही ठिकाणी मूल ओळखीचं, कुळ ठाऊक, आईबाप समोर बसलेले. दत्तक हवा होता तो गादीसाठी आणि पिंडासाठी. नाव-गाव ठाऊक नसलेलं, दुष्काळात रस्त्यावर सापडलेलं मूल आपल्या घरात आपलं म्हणून वाढवायचं, ही कल्पना त्या चौकटीत बसत नव्हती. अशा मुलांची सोय दुसरीकडे झाली.

इकडे उत्तरेत १८३७-३८ चा दुष्काळ मोठा. विक्रम संवत १८९४, म्हणून लोक त्याला 'चौरानबे का अकाल' म्हणत. आग्र्याजवळ सिकंद्र्याला मिशनऱ्यांनी अनाथालय काढलं ते याच दुष्काळातल्या मुलांसाठी. पुढे तिथल्या मुलांना छपाई शिकवली गेली आणि सिकंद्र्याचा अनाथालयाचा छापखाना चांगला चालला. मुलं जगली, हे आधी मान्य करायला हवं. मग विचारायचं की ती कोणाची होती, आणि कोणी विचारत आलं तर त्याला ती परत मिळाली असती का.

आता आपल्या पंडिता रमाबाईंकडे येतो. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. त्यांना जायचं कारण होतं. त्यांचे स्वतःचे आईवडील, अनंतशास्त्री डोंगरे आणि लक्ष्मीबाई, दक्षिणेतल्या दुष्काळात उपासमारीने गेले होते. बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी पायी फिरत वाचले. त्यामुळे दुष्काळी छावणीत बसलेली मुलगी त्यांना बाहेरून बघायची गरज नव्हती. मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि बायका आणल्या. पुण्यात प्लेगचे दिवस, एवढी माणसं शहरात ठेवायला अधिकाऱ्यांची हरकत, म्हणून त्यांना केडगावच्या मोकळ्या जमिनीवर नेलं. तिथून मुक्ती मिशन वाढलं. पुढे गुजरातच्या दुष्काळानंतर १९०० च्या सुमारास तिथली संख्या दीड हजारांच्या घरात गेली.

मला हे काम फार मोठं वाटतं. त्या मुली छावणीतून नुसत्या मृत्यूच्या तोंडी जात नव्हत्या, दलालांच्या हातीही जात होत्या. रमाबाई थांबल्या असत्या, चौकशी पूर्ण होऊ दे म्हणाल्या असत्या, तर त्यातल्या किती उरल्या असत्या? वहिनींची घाई आणि रमाबाईंची घाई एकाच जातीची आहे, हे मी नाकारू शकत नाही.

पण त्याच वर्षांत दुसरा आवाज उठला तोही ऐका. लाला लजपत राय यांनी १८९७ मध्ये आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये दुष्काळातल्या हिंदू अनाथांसाठी चळवळ उभी केली, मुलं आर्य समाजाच्या अनाथालयांत आणली. त्यांचा मुख्य आक्षेप धर्मांतराला होता, आणि त्यात स्पर्धाही होतीच. तरी त्या भांडणाच्या पोटात एक खरा प्रश्न आहे. मूल भुकेलं आहे म्हणून जो पहिला पोचला, त्याचंच ते कायमचं होतं का? पाऊस पडल्यावर मामा, आत्या, कामासाठी परगावी गेलेला बाप परत आला तर? दुष्काळात माणसं मरतात त्याहून जास्त माणसं पांगतात. भूकंपातही तसंच.

यावर लिहिलेलं उत्तर यायला फार उशीर झाला. इंग्रजांनी १८९० मध्ये पालकत्वाचा कायदा केला, आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं परदेशी जोडपी त्याच कायद्याखाली कोर्टातून पालकत्व मिळवून भारतीय मूल घेऊन जात, दत्तकविधान आपल्या देशात करत. मधल्या संस्था काय करतात हे बघणारं कोणी नव्हतं. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्या पत्रालाच याचिका मानलं गेलं, आणि ६ फेब्रुवारी १९८४ ला न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठाने निकाल दिला. मुलासाठी आधी देशातच घर शोधा, आईबापांची संमती दबावाखाली घेऊ नका, मान्यताप्राप्त संस्थेशिवाय व्यवहार नको. त्या निकालातून पुढे १९९० मध्ये 'कारा' ही केंद्रीय संस्था आली. २९ मे १९९३ ला हेग इथे आंतरदेशीय दत्तकाचा करार झाला. भारताने तो २००३ मध्ये मंजूर केला.

तारीख लक्षात ठेवा, मे १९९३. चारच महिन्यांनी, ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणेश विसर्जन करून झोपलेली किल्लारी आणि आजूबाजूची गावं दगडी भिंतींखाली गेली. तुमच्यातल्या लातूर-धाराशिवच्या मंडळींना मी काय सांगणार. तिथल्या मुलांचं जे झालं ते मला उदाहरण म्हणून महत्त्वाचं वाटतं. शांतीलाल मुथ्था आणि भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलं पुण्याला शिकायला आणली, वाघोलीला त्यांची सोय उभी राहिली. मूल दत्तक देऊन टाकलं नाही. आडनाव तेच, गाव तेच, राहिलेले नातेवाईक तेच. शाळा आणि जेवण मात्र पुण्यात. तीनशे किलोमीटर लांब नेऊनही मूल तोडलं नाही.

हा फरक समजायला हैती बघा. १२ जानेवारी २०१० चा भूकंप. हजारो अमेरिकी आणि युरोपीय जोडप्यांचा हैतीतल्या मुलांशी आधीपासून संबंध होता. कोणाचं दत्तकविधान पूर्ण होऊन फक्त कागद अडले होते, कोणाच्या हाती मुलाचा नुसता फोटो होता. आता अनाथालय कोसळलेलं, फाइल ढिगाऱ्याखाली, आणि मूल मैदानात झोपतंय. त्या आईबापांच्या जागी स्वतःला ठेवा. आठवड्याच्या आत अमेरिकेने माणुसकीच्या आधारावर खास प्रवेशाची सोय जाहीर केली आणि हजारावर मुलं तिथून गेली. ज्यांचं नातं आधी ठरलेलं होतं, त्यांच्यासाठी हे योग्यच होतं असं माझं मत आहे. पण पिट्सबर्गला उतरलेल्या पहिल्या विमानातल्या मुलांपैकी काहींना पालक ठरलेलेच नव्हते. घाईत चढली, चढली. आणि जानेवारी संपता संपता दहा अमेरिकी माणसं तेहतीस मुलांना बसमधून डोमिनिकन सीमेकडे नेताना पकडली गेली. मुलं अनाथ आहेत असं त्यांनी सांगितलं. चौकशीत निघालं की बहुतेकांचे आईबाप जिवंत आहेत. चांगल्या शाळेच्या, चांगल्या जेवणाच्या आशेने त्यांनीच मुलं हवाली केली होती. ती माणसं मुलं विकणारी होती असं मला वाटत नाही. त्यांनाही वाटलं असेल, सीमा काय लांब आहे.

त्याआधी २००४ ची त्सुनामी. श्रीलंकेत कलमुनईच्या किनाऱ्यावर दोन महिन्यांचं बाळ सापडलं. रुग्णालयात त्या दिवशी दाखल झालेला एक्याऐंशीवा रुग्ण, म्हणून जगभर 'बेबी ८१'. कित्येक जोडप्यांनी ते आपलं म्हटल्याच्या बातम्या आल्या. शेवटी कोर्टाने डीएनए चाचणी सांगितली आणि फेब्रुवारीच्या मध्यात ते खऱ्या आईबापांच्या हाती गेलं. सात-आठ आठवडे. त्या आईबापांनी ते कसे काढले असतील. पण पहिल्या आठवड्यात कोणी दयाळू माणसाने ते बाळ उचलून परदेशी नेलं असतं, तर? आपल्याकडे नागपट्टिणममध्ये सहा हजारांवर माणसं गेली होती. तमिळनाडू सरकारने त्सुनामीतली मुलं दत्तक द्यायला नकार दिला आणि त्यांच्यासाठी सरकारी वसतिगृहं काढली. तेव्हा वर्तमानपत्रांतून त्यावर टीकाही झाली, की घर द्यायला लोक तयार असताना मुलं वसतिगृहात का ठेवता. ती टीका अगदीच खोटी नव्हती. वसतिगृह म्हणजे घर नव्हे. निर्वासितांच्या मुलांबाबत संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने नातेवाइकांच्या शोधासाठी साधारण दोन वर्षं द्यावीत असं म्हटलं आहे. सहा महिन्यांच्या बाळाची दोन वर्षं म्हणजे त्याचं सगळं आयुष्य. हा हिशेब मला अजून सुटलेला नाही.

नेपाळचं प्रकरण आणखी नाजूक होतं. भूकंपाच्या पाच वर्षं आधीच, २०१० मध्ये, अमेरिकेसह अनेक देशांनी नेपाळातून 'टाकून दिलेली' म्हणून येणारी मुलं घेणं थांबवलं होतं, कारण कागद बनावट निघत होते. आईबाप खेड्यात जिवंत आणि काठमांडूच्या बालगृहात मूल अनाथ म्हणून नोंदलेलं. भूकंपानंतर नेपाळ सरकारने आंतरदेशीय दत्तक थांबवलं, आणि आईबाप किंवा अधिकृत पालक सोबत नसेल तर मुलाला जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी केली. जूनपर्यंत किमान २४५ मुलं तस्करीतून किंवा विनाकारण बालगृहात जाण्यापासून वाचवल्याचं युनिसेफने सांगितलं. आमच्या उत्तर प्रदेशाची पिलीभीतपासून महाराजगंजपर्यंत सीमा नेपाळला लागून. वहिनी म्हणाल्या तशी, कोणी व्हिसा विचारत नाही. दलालालाही कोणी विचारत नाही.

हे सगळं मी त्यांना टप्प्याटप्प्याने सांगितलं. तस्करीचं ऐकून त्या चिडल्या. "म्हणजे मी आणि तो दलाल एकच?" नाही, एक नाहीत. पण सीमेवरच्या शिपायाला दोघांच्या कडेवर मूलच दिसणार, आणि मुलाला दोघांपैकी कोणाचीच भाषा कळणार नाही. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पंधरा दिवस आमच्याकडे आल्याही नाहीत.

मग भावाने, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, काराच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ही सगळी व्यवस्था ऑनलाइन झाली होती. घराची पाहणी करायला बाई आल्या, पगाराचे दाखले, डॉक्टरांचे दाखले, दोन ओळखीच्या माणसांची पत्रं. एक पत्र माझं. तीन वर्षांहून अधिक काळ गेला. या काळात मला त्यांच्या घरी जायला अवघड वाटायचं, कारण थांबा म्हणणारा मीच.

मुलगी आली ती आपल्याच राज्यातून, दीड वर्षाची. कोर्टाचा आदेश झाल्यावर पेढे घेऊन वहिनी आल्या, आणि सोबत फाइल. त्यात वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं. सापडलेल्या मुलाची अशी जाहिरात द्यावीच लागते, आणि दोन वर्षांखालचं मूल असेल तर दोन महिने वाट बघून मगच बालकल्याण समिती ते दत्तकासाठी मोकळं करते. छोटा चौकोन, काळपट फोटो, खाली हिंदीत दोन ओळी की या बालिकेच्या नातेवाइकांनी संपर्क करावा.

"हे मी रोज वाचते," वहिनी म्हणाल्या. "कोणी आलं नाही ना भाऊजी?"

"नाही आलं," मी म्हणालो. त्यांनी ते कात्रण प्लास्टिकच्या पाकिटात परत घातलं. मुलीला वाचता यायला लागलं की दाखवणार आहेत.