देणगीची अट आणि वर्णभेद : के.ई.एम. रुग्णालयाच्या स्थापनेचा एक विचार

वसाहतकालीन मुंबईतील रुग्णालयांचा इतिहास प्रामुख्याने दानशूरांच्या चरित्रांतून सांगितला जातो. देणगीच्या रकमेची नोंद होते. त्या पैशावर उभ्या राहिलेल्या संस्थेत अधिकाराची पदे कोणाला मिळाली, हा प्रश्न मागे पडतो. प्रस्तुत लेखात एका देणगीच्या अटीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

सर जमशेटजी जीजीभाई यांची देणगी व कंपनी सरकारचे साहाय्य यांतून उभारलेले रुग्णालय आणि त्यास जोडलेले ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले. मात्र तेथील अध्यापनाची वरिष्ठ पदे बहुतांशी इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील युरोपीय अधिकाऱ्यांकडे राहिली. या सेवेची स्पर्धा परीक्षा १८५५ पासून भारतीयांना खुली होती हे खरे. परंतु ती लंडनला जाऊन द्यावी लागे. प्रवासाचा खर्च आणि समुद्रगमनाचा जातिनिषेध ध्यानी घेतल्यास नियमांत वर्णाचा उल्लेख करण्याची गरजच नव्हती, असे म्हणावे लागते.

या पार्श्वभूमीवर सेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी घातलेली अट महत्त्वाची ठरते. नव्या महाविद्यालयातील प्राध्यापक व अध्यापक हे सरकारी सेवेत नसलेले, सुयोग्य अर्हता असलेले भारतीयच असावेत, अशी ती अट होती. १९२५ मध्ये महाविद्यालय आणि १९२६ मध्ये महानगरपालिकेचे रुग्णालय परळ येथे सुरू झाले. डॉ. जीवराज मेहता यांनी दीर्घकाळ अधिष्ठातापद सांभाळले. रुग्णालयास नाव मात्र सातव्या एडवर्डचे, हा विरोधाभास तत्कालीन मुंबईस फारसा खटकलेला दिसत नाही.

स्थळाची निवडही अर्थपूर्ण होती. परळ हा गिरणगावाचा भाग. १८९६ च्या प्लेगनंतर दाट वस्तीतील आरोग्याचा प्रश्न टाळणे नगरशासनास शक्य राहिले नव्हते.

तथापि, या अटीची मर्यादाही नोंदवली पाहिजे. ती वर्णाविषयी बोलते; 'भारतीय' म्हणजे कोणत्या जातीचे व कोणत्या प्रदेशातले, याविषयी मौन पाळते. गिरण्यांतील कामगारांचा मोठा हिस्सा रत्नागिरी जिल्ह्यातून येत असे. त्याच्या श्रमांवर वाढलेल्या शहरात त्याच्यासाठी खाट उपलब्ध झाली, परंतु गावी राहिलेल्या त्याच्या कुटुंबास या गुंतवणुकीचा लाभ मुंबई गाठल्यावाचून मिळणे कठीण होते. रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू होण्यास २०२३ साल उजाडावे लागले.