रोज एक व्यंगचित्र

रोज एक व्यंगचित्र पुरें करण्याचा नेम आज कित्येक चित्रकार संगणकाच्या पडद्यावर चालवितात. परंतु हा नेम मूळचा वृत्तपत्राचा. १९०७ सालीं बड फिशर यांची चित्रमाला सॅन फ्रॅन्सिस्कोच्या एका दैनिकांत सुरू झाली. ती लोकप्रिय होतांच इतर पत्रांनींहि तो प्रघात उचलला. चार्ल्स शुल्झ यांनीं १९५० ते २००० या काळांत 'पीनट्स'चे १७,८९७ भाग रेखाटले. मुंबईंत आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' १९५१ पासून कित्येक दशकें सकाळच्या चहाबरोबर घरोघर येत असे.

२००९ सालीं अमेरिकन चित्रकार जेक पार्कर यांनीं ऑक्टोबरचे ३१ दिवस रोज शाईचें एक चित्र काढण्याचा संकल्प सोडला. 'इंकटोबर' या नांवानें तो जगभर पसरला. पडद्यावर रेखाटणारेहि त्यांत आले.

भेद एवढाच कीं, पूर्वी छापखाना चित्रासाठीं खोळंबे. मनाजोगें उतरो वा न उतरो, तें हातावेगळें करावेंच लागे. पडद्यावरची रेघ शंभरदां पुसतां येते, आणि चित्राची वाट कोणीच पाहत नाहीं. अशा वेळीं 'आजचें आज' हा स्वतःचा नेमच संपादकाचें काम करतो. तो सुटला, तर निर्दोष चित्राच्या नादांत एकहि चित्र पुरें होत नाहीं.